पिलारने बघितलेला बघण्याचा कार्यक्रम

हॅलो?… हां अनघाताई, बोल… नाही गं, रिंग ऐकली होती, हात ओले होते. बशा विसळत होते.

हो, गेले. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. शिरीष गेलाय त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला. अनिमेष टॅक्सी बोलावत होता, पण त्याच्या आईला, तुझ्या सुरेखाला, एमआरटीच्या ट्रेननेच जायचं होतं… हो ना, खिडकीतून सिंगापूर बघायचंय म्हणाली.

फर्स्ट क्लास झालं. अगं, दृष्ट लागावी असं झालं सगळं.

काय? सुरेखाचा फोन आलासुद्धा तुला? गाडीतून?… पसंत म्हणाली? अगदी त्याच शब्दांत?… बघ. आणि तू आठवडाभर माझं डोकं खात होतीस. म्हणे, सुरेखा माझी मैत्रीण आहे, माझी मान खाली जायला नको… गेली का मान खाली?

थांब, थांब. परत सांग. लिटल इंडियाला कशाला?… अच्छा. म्हणजे आपला होकार आला तर लिटल इंडियाला उतरून गार्गीला साडी घेणार. नाही आला तर सरळ वुडलँड्सला, अनिमेषच्या फ्लॅटवर… हो, उद्या सकाळचंच विमान ना दोघांचं. मग आजच घ्यायला हवी, खरंय.

अगं पण घाई काय? पासिर रिसहून लिटल इंडिया म्हणजे निवांत पाऊण तास. कळव ना, होच कळवायचंय. पण जरा दमाने. मुलीकडच्यांनी असं पहिल्या रिंगला हो म्हणू नये… चालतं गं. साठीला आलीस तरी तुला धीर म्हणून नाही.

गार्गी? आहे की, आत आहे खोलीत… विचारलं ना. ते लिफ्टमध्ये शिरायच्या आत विचारलं. म्हणाली, "अप टू यू ला, आई"… ला म्हणजे काही नाही, इथली पोरं सगळ्या वाक्यांच्या शेवटी लावतात… हो म्हणजे होच की. नाही म्हणायचं असतं तर म्हणाली असती. सत्तावीस वर्षांची घोडी आहे, स्पीच थेरपिस्ट आहे, लोकांच्या मुलांना बोलायला शिकवते. तिला स्वतःला तोंड नाही का?

आणि मी होते ना तिथे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, ताई, तुला माहितीये.

कोण?… सुरेखाने सांगितलं तुला? काय म्हणाली?… पोलिसांसारखी? हो गं, होती कोपऱ्यात एक गोरी बाई, वही घेऊन… पंचनामा! नाही गं बाई. ती पिलार. माझी विद्यार्थिनी. स्पेनची आहे. नवरा जुरोंग आयलंडला इंजिनिअर, सकाळी सहाला कंपनीची बस पकडतो तो संध्याकाळी येतो, मग ही दिवसभर एकटी. इंग्लिश बोलता येत नाही म्हणून खालच्या दुकानात अंडी मागायलाही लाजायची. आता मासेवाल्याशी भांडते. माझीच कर्तबगारी.

नाही, मुद्दाम कशाला बोलावू? तिचा तास दर रविवारी अडीचला असतो. सुरेखाचं ठरलं होतं पाचला. पण ते निघाले होते विमानतळावरचा धबधबा बघायला, तो लवकर बघून झाला, आणि ही वरात तीन वाजता दारात. माझ्या अंगावर गाऊन… अगं, गाऊन. दोन मिनिटांत साडी नेसून बाहेर आले, शिरीषने तोवर त्यांना पाणी दिलं आणि हवामानावर बोलत बसला.

मग पिलारला काय करायचं? बिचारी उठून निघाली होती. मीच म्हटलं, बस. कारण आज आमचा धडा कसला होता माहितीये?… डोळ्यांचा. म्हणजे इंग्लिशमध्ये बघण्याचे जितके प्रकार आहेत ना, तितकी क्रियापदं. सी, लुक, वॉच, मग स्टेअर, ग्लान्स, पीप… अगं सोपं आहे कसलं. तुला वाटतं सोपं. स्पॅनिश माणसाला विचार.

नाही, सांगते. ऐक तर. त्यांच्याकडे मुख्य दोन. वेर म्हणजे दिसणं आणि मिरार म्हणजे बघणं. आता हे आपल्याला किती पटकन कळतं बघ. आपल्याकडेही दिसलं वेगळं, बघितलं वेगळं. दिसणं आपोआप, बघणं मुद्दाम. इथपर्यंत तिचीही गाडी रुळावर. घोळ पुढे होतो. टीव्ही त्यांना दिसतो. सिनेमा दिसतो. मग ती इंग्लिशमध्ये म्हणते, मी काल रात्री टीव्ही सी केला. मी म्हटलं, बाई गं, काहीतरी चालू आहे, पुढे काय होईल म्हणून तू नजर ठेवून बसली आहेस, ते वॉच… हां, क्रिकेट वॉच, मुलांवर वॉच, उतू जाणाऱ्या दुधावर वॉच. दुधाचं म्हटल्यावर तिला पटलं.

आणि बाकी सगळ्याला ते मिरारलाच शेपूट लावतात. टक लावून मिरार, चोरून मिरार. इंग्लिशमध्ये प्रत्येकाला शब्द निराळा. ग्लान्स मात्र तिला लगेच आला, कारण त्यांच्याकडेही नजर टाकतात. फेकतात म्हणजे, शब्दशः… हो ना, मलाही मजा वाटली. कुठे स्पेन, कुठे सांगली.

तर मी म्हटलं, पिलार, चालून आलेली संधी आहे. आमच्याकडे याला बघण्याचा कार्यक्रमच म्हणतात. तुला मराठीचं अक्षर कळत नाही, म्हणजे कान बंद. फक्त डोळे बघ. कोण कुणाकडे कसं बघतं ते लिहून काढ, वीस वाक्यं… का नको? उलट सुरेखा खूश झाली. मी तिला सांगितलं, आमच्या घरी परदेशी लोक शिकायला येतात.

हो, वही इथेच ठेवून गेलीय, तपासायला. लाल पेनही आहे हातात. तुला वाचून दाखवू का? बशा राहू देत. तू सुरेखाला दहा मिनिटांनी कळव, काही बिघडत नाही.

हं. पहिलं. "जुन्या गृहस्थांनी एसीकडे स्टेअर केलं." जुने नव्हे, वयस्कर. हे अनिमेषचे बाबा, निशिकांतराव. खरंच गं, एसीखाली उभं राहून टक लावून बघत होते, कितीला पडला विचारत होते. शब्द बरोबर. टिक.

दुसरं. "हिरव्या कपड्यातल्या बाईंनी पडद्यांवर ग्लान्स टाकला, मग चपलांच्या कपाटावर." ही तुझी सुरेखा… हिरवा कुर्ता घातला होता. पडदे धुतले होते मी, म्हणू दे काय म्हणायचं ते.

"जुन्या गृहस्थांनी स्वयंपाकघरात पीप केलं." डोकावले, हो. बाथरूम शोधत होते बिचारे.

"तरुण माणसाने केककडे गेझ केलं." आता हे चूक. गेझ म्हणजे समुद्राकडे, चंद्राकडे, भान हरपून. केकवर डोळा ठेवतात फक्त… हो गं, पांदानच्या पानांचा, हिरवा असतो तो. अनिमेषने तीन तुकडे खाल्ले. वडेही केले होते साबुदाण्याचे, पण त्याचं लक्ष केकवर.

"टीचरच्या नवऱ्याने टीव्ही वॉच केला, आवाज बंद करून." अरे वा. बघ, सी लिहिलं नाही. वॉच लिहिलं. डबल टिक. शिरीषला आल्यावर बघते मी.

"टीचरने बशा वॉच केल्या." हं… माझ्यावरही आहे. बशांवर लक्ष ठेवावंच लागतं ताई, कुणाची रिकामी झाली, कुणाला वाढायचं.

"मुलीने आईकडे बघितलं." लुक. ठीक.

"बाईंनी मुलीच्या पायांवर ग्लान्स टाकला." अगं बाई. हे मी नव्हतं बघितलं… जाऊ दे, सवय असते एकेकीला.

"मुलीने आईकडे बघितलं." परत तेच. "तरुण माणसाने फोनवर ग्लान्स टाकला. मुलीने आईकडे बघितलं." हे बघ, इथे मार्क कापणार मी. तिला बजावलं होतं, एकच क्रियापद चिवडत बसायचं नाही. वीस वाक्यांत किमान दहा वेगळी हवीत. आणि ही बया पुढच्या पानावर… "मुलीने आईकडे बघितलं. मुलीने आईकडे बघितलं." समासात रेघा मारल्यात. उभ्या चार आणि आडवी एक… मोजल्यात तिने, ताई.

पाच, दहा… बारा.

नाही, आहे ना, बोल… हो, ऐकतेय.

काही नाही गं. वाचतेय पुढचं.

"हिरव्या कपड्यातल्या बाई काहीतरी म्हणाल्या. सगळे हसले. मुलगी हसली नाही. मुलीने आईकडे बघितलं." आणि शेवटी… थांब. शेवटी लिहिलंय, "मुलीने बारा वेळा आईकडे बघितलं. आईने", आणि पुढे रिकामी जागा. बाजूला कंसात, टीचर, इथे कुठलं क्रियापद?

हो. एवढंच. पुढे काही नाही.

असं कसं म्हणतेस, त्यात काही नाही म्हणून. तिला आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, सुरेखा तुझी मैत्रीण आहे. तिने नुसते डोळे बघितले.

कधी म्हणजे?… हसले तेव्हा ना. तेच आठवतेय. सगळे एकदम एकदाच हसले. सुरेखा सांगत होती ह्यूस्टनचं. अनिमेषची बदली पक्की झाली, तीन महिन्यांत जायचंय. म्हणाली, घर मोठं आहे तिकडे, सुरुवातीची दोन-तीन वर्षं नोकरीबिकरी काही नको, आधी घर लावू दे, रमेल ती. निशिकांतराव म्हणाले, आमची ही पस्तीस वर्षं घरच लावतेय. तेव्हा हसले सगळे. मीही हसले.

हो, साधंच वाक्य आहे. मी कुठे म्हणतेय वाईट आहे. सुरेखाचा हेतू वाईट नाही. मुलगाही चांगलाच आहे… ताई, मला मान्य आहे, अशी स्थळं रोज येत नाहीत. सत्तावीस पूर्ण आहेत तिला, तेही माहितीये. पण तो अनिमेष, तुला सांगू, पिलारने लिहिलंय, गार्गीकडे एकदा बघितलं त्याने. एकदा. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा.

नाही, थांब. कळवू नकोस अजून… ताई, मी सांगतेय ना, थांब.

कारण मला दिसलं होतं.

हो, मला. ह्यूस्टनचं निघालं आणि गार्गीने मान वर केली. सरळ माझ्याकडे. मला दिसले तिचे डोळे. आणि मी सुरी उचलली आणि केक कापायला घेतला. कुणाला नको होता केक, अनिमेष सोडून. तरी कापला मी. चांगले बारा-पंधरा तुकडे केले… नजर चुकवली, अजून काय. इंग्लिशमध्ये त्यालाही शब्द आहे, मीच शिकवलाय तिला मागच्या रविवारी. म्हणून तर तिने जागा रिकामी सोडली. तिला माहीत होतं कुठलं क्रियापद ते. सभ्य बाई आहे, लिहिलं नाही.

रडत नाहीये. सर्दी आहे… बरं, रडतेय. मग?

तुला आठवतं ना आमच्या वेळचं? तू होतीस की घरी, पोहे तूच केले होतेस. शिरीषचे बाबा म्हणाले, सिंगापूरला जायचं म्हणजे शाळेची नोकरी सोडावी लागेल. मी आईकडे बघितलं. आईने काय केलं?… तुला आठवत नसेल. तिने माझा पदर नीट केला. मला वाटलं, बरोबरच असेल. आणि इथे आल्यावर सहा वर्षं, ताई, सहा वर्षं मी डिपेंडंट पासवर घरी, नोकरीची परवानगीच नाही. बाराव्या मजल्यावरून खाली लोक कामावर जाताना बघायचे. गार्गी झाली म्हणून रमले, नाहीतर कठीण होतं… तुला सांगितलं नाही कारण तू फोन केलास की विचारायचीस, मजा आहे ना? मी म्हणायचे, मजा आहे.

शिरीष वाईट आहे असं कुठे म्हणाले मी? विषय तो नाहीये. नको ते काढू नकोस आता.

सुरेखाला काय सांगायचं ते मी सांगेन हवं तर. माझा नंबर दे तिला. तुझी मान खाली जाणार नाही, जायची असेल तर माझी जाईल… मैत्री तुटते का असल्याने? तुटली तर बघू. तीस वर्षं योगाच्या वर्गाला जाता दोघी, एका साडीपायी तुटणार आहे?

हां, ते खरं आहे. तू म्हणतेस ते शंभर टक्के बरोबर. मी परत माझ्याच मनाने ठरवतेय. हो ठरवताना नीट विचारलं नाही आणि आता नाही ठरवतानाही… थांब. थांब, दार वाजलं तिचं. आली बाहेर.

काही नाही, बशा गोळा करतेय… केकची ताटली उचलली. दहा-बारा तुकडे तसेच आहेत.

गार्गी. इकडे ये गं जरा… मावशीचा फोन आहे, असू दे चालू. ताई, तू एक मिनिट एक अक्षर बोलू नकोस… ठेव ती ताटली. बस अशी समोर.

ते ह्यूस्टनचं बोलत होते तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस ना?… नाही, "नेव्हर माइंड" नाही. बघितलंस. मला दिसलं होतं. मी दिसूनही केक कापत बसले… हो. माझं चुकलं, बाळा.

आता मी विचारते, तू सांग. तुला जायचंय तिकडे? लग्न करायचंय त्याच्याशी?… अं हं. "अप टू यू" चालणार नाही. इंग्लिशमध्ये सांग, मराठीत सांग, पण तुझं सांग. घाई नाही काही. गाडीत आहेत ते, बसू देत गाडीत… माझी काळजी करू नकोस. मावशीचीही नको. मावशी खमकी आहे.

बोल. मी बघतेय.

…

…

बरं… अगं, एवढं होतं मनात?… चार वर्षांची ती मुलं, हो, त्यांना सोडून कसं… माहितीये मला, तू रोज सांगतेस जेवताना. मी वाढत असते तेव्हा… बरं राणी. बरं. पुस डोळे.

हॅलो, ताई? ऐकलंस ना सगळं?… तूही? आता तू कशाला रडतेस, आपल्यापैकी एकीला तरी सुरेखाशी नीट बोलायचंय.

ऐक. कुठवर पोचले असतील?… म्हणजे दहा मिनिटं आहेत. लगेच कर. गोडीत सांग, मुलगा उत्तम आहे म्हणावं, घरही उत्तम, आमची मुलगी तयार नाही. लपवाछपवी नको, पत्रिकेचं कारण नको… हो, माझं नाव घालून सांग. आणि लिटल इंडियाला उतरू नका म्हणावं. सरळ वुडलँड्सला जा.

नाही, आता ठेव. मला नाही बोलता येणार… काही झालेलं नाही. ती समोर बसलीय, केक खातेय आणि माझ्याकडे बघतेय. मी फोनवर काय करतेय? ठेवते.